रुखवताच्या गोधड्या

आमच्या घरमालकांनी आम्हाला खोली दिली ती आमची गोधडी हुंगून. खोटं नाही सांगत. आमच्या ह्यांनी आधी येऊन सगळं ठरवून ठेवलं होतं. लग्नाला महिनाही झाला नव्हता, आणि मी बोरिवलीहून ट्रंक, स्टोव्ह, भांड्यांचं पोतं आणि आईनं बांधून दिलेली अंथरुणाची वळकटी टेम्पोत घालून कांजूरमार्गला, पूर्वेला, पार खाडीच्या अंगाला असलेल्या त्या बैठ्या चाळीसमोर उतरले. दारात बनियन आणि पट्ट्यापट्ट्यांचा लेंगा घातलेला एक उंच, वाळका माणूस उभा. या नाही, बसा नाही. त्यांनी सरळ माझ्या वळकटीत नाक खुपसलं, डोळे मिटले आणि मालवणीत म्हणाले, "ही गोधडी पोटमाळ्यार होती. पत्र्याखाली. तुमच्याकडे पत्रो गळता."

पत्रा गळत होता हे खरं. पावसाळाभर आमच्या पोटमाळ्यावर बादली ठेवलेली असायची. पण माझ्या माहेरचा पत्रा असा भर रस्त्यात कुणी काढावा? मी नव्याची नवरी, तरी तोंड माझं पहिल्यापासूनच असलं. म्हटलं, "अहो, आम्ही खोली भाड्यानं घेतोय. गोधडी तुम्हाला विकायला नाही आणली." ह्यांनी माझ्या दंडाला असा चिमटा काढला की बास. म्हातारा मात्र चिडला नाही. "वास पसरता गो," म्हणाला. "एका खोलीतसून दुसऱ्या खोलीत जाता. आणि माझ्या खोलीत पेटी आसा."

पेटी कसली, तिच्यात काय, काही सांगितलं नाही. माझी गोधडी घेतली आणि समोरच्या कुंपणावर नेऊन टाकली. सकाळी एक बाजू, दुपारी दुसरी. चार दिवस आम्ही नवरा-बायको नुसत्या चटईवर झोपलो, आणि मी रोज त्या माणसाच्या नावानं बोटं मोडली. पाचव्या दिवशी गोधडी परत मिळाली. खरं सांगायचं तर माझ्या आईच्या घरात असतानाही ती इतकी छान कधी लागली नव्हती.

सगळी चाळ त्यांना मालक म्हणायची. मालक कसले, शेवटच्या दोन खोल्या काय त्या त्यांच्या. एक आम्हाला दिलेली, दुसऱ्या खोलीत ते आणि त्यांची मुलगी. मध्ये लाकडी फळ्यांची भिंत, पलीकडे कुणी शिंकलं तरी अलीकडे कळायचं. ते मूळचे मालवणकडचे. सगळी उमर गिरणीत गेली, तीही फोल्डिंग खात्यात, म्हणजे तयार कापड तपासून घड्या घालतात तिथे. कापडाची गासडी न उघडता तिच्यातलं कुठलं ठाण भिजलंय ते ते नुसत्या वासावर सांगायचे म्हणे. मग संप झाला, गिरणीला कुलूप लागलं. बरोबरीच्या कुणी भाजीची गाडी लावली, कुणी गावाला गेलं. मालक तसेच घरी बसले. आम्ही राहायला गेलो तेव्हा त्यालाही चार-पाच वर्षं होऊन गेली होती. काम गेलं, पण नाक कुठे जाणार?

नाकाचा ताप तरी किती! हळदीकुंकवाला आलेल्या बायकांच्या शालू-शेल्यांचे वास घेत दारात उभे राहायचे. "ह्येका घाम लागलोहा, तसोच घडी घातल्यानी." बायका आधी चिडायच्या. मग हळूच मागच्या दारानं यायच्या, काखेत गाठोडं घेऊन. "मालक, एवढं बघा ना, जाता जात नाही वास." मग हा माणूस नुसता खुलायचा. रिठे भिजत घाल, कडुलिंबाचा पाला सुकव, टोपली पालथी घालून तिच्याखाली निखाऱ्यावर ऊद टाक आणि वर कपडा पसर, पेटीच्या तळाला कोळशाची पुरचुंडी आणि वेखंडाचा तुकडा ठेव. डांबराच्या गोळ्यांचं नाव काढलं की मात्र भडकायचे. "वासार वास घातलो काय दोन वास होतत," म्हणायचे. "वास मारूचो नाय, काढूचो." एखाद्या कपड्याचा वास खरंच गेला की ते तो कपडा देताना हसायचे. एरवी मी त्यांना हसताना पाहिलं नाही.

कुणाकडून सुपारीचं खांड घेतील तर शपथ. बायका म्हणायच्या, वेडा आहे, पण गुणी वेडा आहे. मीही तसंच म्हणत होते. पेटी बघेपर्यंत.

थंडीत एका रविवारी त्यांनी मला आत हाक मारली. खाटेखालून काळी लोखंडी पेटी ओढली आणि बाहेरच्या मोरीवर जाऊन हात धुऊन आले, मग उघडली. आत तीन गोधड्या. दोन मोठ्या, एक लहान, तान्ह्या बाळाची. आम्ही तिला दुपटं म्हणतो. मोठ्यांमधली एक हिरव्या नऊवारीची, एक जांभळ्याची, आणि टाके असे बारीक की मोजायला बसावं तर डोळे दुखावेत. त्यांच्या बायकोनं शिवलेल्या. "तिका कळलेला, आपण काय जगूची नाय," ते म्हणाले. "म्हणान अंथरुणात बसान बसान शिवल्यान. चेडवाच्या रुखवताक."

बाई गेली तेव्हा मुलगी शाळेत होती. मी राहायला गेले तेव्हा ती तिशीला आली होती. रुखवत पेटीतच.

मी तिला ताई म्हणायचे. मरोळला एका औषधांच्या कंपनीत पॅकिंगला होती. सकाळी डबा भरून जायची, संध्याकाळी पाय ओढत यायची, घर तिच्यावरच चालायचं. दिसायला चांगली होती हो. सावळी, पण तोंडावर काय ते पाणी! पण आई नाही, बापाला काम नाही, आणि मुलगी गेली तर बापाच्या ताटात कोण वाढणार, हा प्रश्न प्रत्येक स्थळाच्या तोंडावर यायचा. स्थळं यायची, पोहे खायची, जायची. कळवतो म्हणायची. ताईचा पोहे करण्यात हात इतका बसला होता की ती हसत म्हणायची, "अगं, मी पोह्यांचं दुकान टाकते आता, झकास चालेल." आणि हसता हसता पदर तोंडाला लावायची.

मालकांच्या डोक्यात मात्र एक गोष्ट पक्की बसली होती. त्यांनीच मला सांगितलं, पेटीचं झाकण धरून, अगदी हळू आवाजात. "ह्येंका कुबट वास इलो काय पाव्हण्यांका कळतला, किती वर्सा पडान आसत त्या. वास नाय इलो तर कालच शिवल्यासारख्या. मगे चेडूय कालचाच." म्हणजे हा माणूस गोधड्यांचा वास काढत नव्हता. मुलीच्या अंगावरून गेलेली वर्षं काढायला बघत होता. मला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

आणि दर पावसाळ्यात वास यायचाच. कोळसा ठेवा, चुनकळी ठेवा, वेखंड ठेवा. आषाढ लागला की मालक रोज सकाळी पेटी उघडून नाक घालायचे, आणि एखाद्या सकाळी त्यांचा आवाज यायचा, "इलो." बस्स, एवढंच. मग दोन दिवस कुणाशी बोलायचे नाहीत. ताई सांगायची, आई गेल्यावर पहिली कैक वर्षं असं नव्हतं. गल्लीत दोरीवर ऊन द्यायचे, तेवढ्यावर भागायचं. हे सगळं संपानंतर सुरू झालं. मालक त्याचा दोष खाडीच्या वाऱ्याला द्यायचे.

म्हणून तर ते मे महिन्यात मिठागरावर जायचे. आमच्या चाळीच्या मागून चालत गेलं की मिठागरं सुरू व्हायची. पांढरेशुभ्र वाफे, बाजूला मिठाचे ढीग, झाड नाही, सावली नाही. पावसाळ्याच्या आधी गोधड्यांना शेवटचं कडक ऊन द्यायचं, तर ते तिथेच, असा त्यांचा शोध होता. संपानंतर रिकामे फिरताना त्यांना तो लागला. सायकलच्या कॅरिअरला चादरीत गुंडाळलेल्या तिन्ही गोधड्या बांधून सकाळी निघायचे. आम्ही राहायला गेल्यानंतरच्या पहिल्याच मे महिन्यात ताईनं माझ्याकडून त्यांचा डबा पाठवला. जाऊन बघते तर वाळलेल्या मिठावर तिन्ही गोधड्या अंथरलेल्या, आणि मालक डोक्याला पंचा गुंडाळून कडेला राखण करीत बसलेले.

"बघ," मला म्हणाले, "वरसून ऊन, खालसूनय ऊन. मीठ पांढरा, ता ऊन परत वर फेकता. दोनय बाजू एकाच वेळेक भाजतत. अशी जागा खय गावतली?" आणि हसले. मी म्हटलं ना, हसायचे नाहीत कधी. त्या उन्हात ते हसले. संध्याकाळी कडकडीत वाळलेल्या गोधड्या घरी आणून पेटीत भरल्या आणि कुलूप लावलं. म्हणाले, "ह्या वर्सा येवचो नाय वास. आणि ह्या वर्सा जमतलाच."

पाऊस लागला आणि महिन्याभरात फळ्यांपलीकडून आलंच, "इलो."

त्या दिवशी त्यांनी हिरवी गोधडी काठीनं इतकी बडवली की कडेची शिवण उसवली. ताई कामावर. मग माझ्याकडे घेऊन आले, "टाको घाल गो जरा." मी बसले शिवायला. टाके घातले, गाठ मारली, आणि दोरा तोडायला दात लावला. कात्री कोण शोधत बसतंय, सगळ्या बायका दातानंच तोडतात. जीभ गोधडीला लागली आणि चरकलेच. खारट! नुसती खारट नाही, लोणच्याच्या बरणीत बोट बुडवल्यासारखी. दुसरा कोपरा चाटून बघितला. तोही तसाच.

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. घरात मिठाची बरणी पावसाळ्यात ओली होते, पाणी सुटतं तिला, हे पोराटोरांनाही माहीत असतं. दर वर्षी हा माणूस गोधड्या मिठावर अंथरत होता, मीठ कापसात मुरत होतं, आणि पावसाची हवा लागली की गोधड्यांना आतून पाणी सुटत होतं. वास खाडीतून येत नव्हता. तो त्यांनीच सायकलवर बांधून आणला होता.

ताई कामावरून आली तशी मी तिला मोरीपाशी गाठलं. सांगताना मला धीर नव्हता, धापा टाकत सांगितलं. ती पाय धूत होती. धुतच राहिली.

"मला माहितीये," म्हणाली.

"काय माहितीये? अगं, मग सांग ना त्यांना!"

"तीन वर्षं झाली मला कळून. तू काय वेगळं केलंस, मीपण दातानंच दोरा तोडते." तिनं तांब्या पालथा घातला. "सांगून काय करू? गिरणी गेली. मित्र कोण उरला नाही. वर्षातून तो एक दिवस ते घराबाहेर पडतात आणि हसतात. तू बघितलंस ना हसताना?"

"बघितलं."

"मग? तुझी शप्पथ आहे, बोलायचं नाही."

मी गप्प बसले. माझ्यासारखी बाई गप्प बसली, यावरून समजा.

त्याच आषाढात घाटकोपरचं स्थळ आलं. बिजवर होता, पण सालस, सरकारी नोकरीत. पहिली बायको वर्षभरातच गेलेली, मूलबाळ नाही. तो, त्याची आई आणि त्याची मोठी बहीण असे तिघे आले. मालकांनी मध्यस्थाला मुलीचं वय सव्वीस सांगितलं होतं. सगळेच दोन-चार वर्षं कमी सांगतात, त्यात काय मोठंसं. मी पोह्यांना मदत करायला आत होते. बाहेरचं बोलणं ऐकू येत होतं, आणि विश्वास बसू नये इतकं चांगलं चाललं होतं. तो माणूस ताईला सरळ म्हणाला, "तुमच्या वडिलांचं काय, याची काळजी करू नका. घाटकोपर काय लांब आहे? ते आमच्याकडे येतील, नाहीतर तुम्ही इकडे याल." ताईनं पोह्यांची पहिली बशी त्याच्यापुढे ठेवली. त्याची आई म्हणाली, "आम्हाला पोरगी आवडली हो. आता पुढची बोलणी करायला आम्ही यायचं की तुम्ही येताय?"

बाहेर पाऊस कोसळत होता. म्हातारी येताना भिजली होती, तिला हुडहुडी भरली. बसल्या जागी कुडकुडायला लागली. आणि मालकांना काय झालं देव जाणे. आनंदानं त्यांचं नाक बंद पडलं असावं. आदल्या दिवशीच त्यांनी गोधड्यांना उदाची धुरी दिली होती, तेवढ्यावर विसंबले असतील. उठले, खाटेखालची पेटी ओढली, हिरवी गोधडी काढली आणि त्या बाईच्या खांद्यावर घातली. "घेवा, हिच्या आवशीनं शिवलेली आसा. रुखवतासाठी."

मी पडद्याच्या फटीतून बघत होते. बाईनं गोधडी अंगाभोवती ओढली. मग तिचा हात थांबला. नाक आक्रसलं. तिनं कोपरा हातात धरून बघितला, टाके बघितले, उलटा करून बघितला.

"आई जाऊन किती वर्षं झाली म्हणालात?"

 मुलाची बहीण म्हणाली, "मघाशी मुलगीच म्हणाली ना, तेरा-चौदा झाली म्हणून."

"असं," म्हातारी म्हणाली. गोधडी काढून तिनं खाटेवर ठेवली, घडी न घालता. "म्हणजे मुलगी बारा वर्षांची असतानाच रुखवत शिवायला घेतलं वाटतं? आमच्यात नाही बाई असं करत." मग ताईकडे निरखून बघितलं, आणि आता ती वेगळंच बघत होती. "खरं वय काय गं पोरी तुझं?"

ताई म्हणाली, "तीस पूर्ण."

तो माणूस काहीतरी बोलायला गेला, आईनं त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. वयाचं एक वेळ चाललं असतं, पण सुरुवातच खोट्यानं झाली, असं काहीसं ती म्हणाली. थांबायला तयार नव्हती, भर पावसात गेली. तो दारातून एकदा मागे वळला. कळवतो म्हणाला. अजून कळवतोय.

मालक त्या गोधडीशेजारी बसून राहिले. दोन दिवसांनी संध्याकाळी आम्ही तिघं दारात बसलो होतो, तेव्हा ते एकदम म्हणाले, "माझीच चूक. ऊन कमी पडला. फुडल्या मे म्हयन्यात चार दिस ठेवतंय मिठागरार. मगे बघया कसो वास येता."

ताई तांदूळ निवडत होती. तिच्या हातातलं सूप खाली पडलं. "तिथेच तर वाट लागते त्यांची, बाबा!" ती किंचाळली. तिचा एवढा मोठा आवाज मी आधी कधी ऐकला नव्हता. "मिठावर टाकता तुम्ही, मिठावर! मीठ पाणी ओढणार नाही तर काय करणार? तुम्हीच दर वर्षी तो वास घरी घेऊन येता! चाटून बघा जाऊन. एकदा तरी चाटून बघा!"

मालक आत गेले. आम्ही दारातून बघतोय. त्यांनी हिरव्या गोधडीचा कोपरा तोंडात घातला आणि चोखला. मग जांभळीचा. मग दुपट्याचा. तिन्ही झाल्यावर पुन्हा पहिली. पाठमोरेच उभे होते.

"म्हणजे मियाच," म्हणाले.

ताई धावत जाऊन त्यांच्या पाठीला मिठी मारून हमसून हमसून रडायला लागली. "माझं चुकलं बाबा, मी बोलायला नको होतं." ते नुसते मान हलवत राहिले, आणि तोंडानं एकच चाललेलं, मियाच, मियाच. मला तिथे उभं राहवेना. मी माझ्या खोलीत आले आणि कारण नसताना ह्यांच्यावर खेकसले.

पाऊस उघडला, दसरा झाला, आणि त्यांनी गोधड्या गोड्या पाण्यात धुवायला काढल्या. नळाला पाणी यायचं सकाळी तासभर. आमच्या दोन्ही घरांचं पिंप त्यांनी त्यात घातलं. मी तोंड उघडलं नाही, शेजारच्या विहिरीवरून दोन हंडे आणले. पाणी बदलत होते, पिळत होते आणि प्रत्येक वेळी कोपरा चाटून बघत होते. "अजून खारट आसा." पुन्हा पाणी. "अजून आसा." मीही चाटलं, माझ्या जिभेला काही लागलं नाही. त्यांना लागत होतं.

हिरवी गोधडी शेवटच्या पाण्यातून काढली तेव्हा तिचं वजन एवढं झालं होतं की एकट्याला उचलेना. एक टोक त्यांनी धरलं, एक ताईनं. पीळ घातला. आणि ती सरळ फाटली हो. चर्रकन नाही, आवाजसुद्धा नाही. इतकी वर्षं मीठ आणि ऊन खाऊन आतलं कापड पार मेलं होतं. त्यांच्या हातात नऊवारीच्या हिरव्या चिंध्या आल्या आणि कापसाचे ओले लगदे मोरीत पडले. मालक खाली बसले. पाण्याबरोबर वाहून चाललेला एकेक तुकडा त्यांनी गोळा केला, एकेक पुन्हा धुतला, आणि दोरीवर चिमटे लावून वाळत घातला. चिंध्या वाळल्यावर त्यांनी त्या हुंगल्या.

"गेलो," म्हणाले. "वास गेलो."

जांभळी वाचली, दोन ठिकाणी विरली तेवढीच. त्या रविवारी ताईनं ती आपल्या खाटेवर अंथरली आणि दुपारची आडवी झाली. मालक दचकले. "अगो बाय, ती लग्नाची!"

"माझ्याच लग्नाची ना?" ती भिंतीकडे तोंड करून म्हणाली. "मग मीच झोपते तिच्यावर."

 त्या दिवसापासून त्यांनी लग्नाचा विषय काढला नाही, आणि कुणाच्या गाठोड्यालाही हात लावला नाही. बायका यायच्या, "मालक, जरा बघता का," तर म्हणायचे, "वासात काय आसा? अंगाक ऊब मिळाल्याशी मतलब." मे महिना आला. मी मुद्दाम म्हटलं, "मालक, काय कडक ऊन पडलंय बघा." दारात बसले होते, मान वर केली नाही. "पडांदे," म्हणाले. "वाळत काय घालूचा हा?"

त्याच वर्षी मला मुलगी झाली. बाळंतपण करून मी बोरिवलीहून परत आले त्या सकाळी मालक दारात आले. हातात दुपटं, घडी घातलेलं. मला आधी कळेचना काय चाललंय.

"चार पाण्यांतसून काढलंय," म्हणाले. "मीठ नाय त्येच्यात. तुझ्या चेडवाक."

ते दुपटं मला देणं म्हणजे काय, ते न कळायला मी काही कुक्कुलं बाळ नव्हते.  मागे ताई उभी होती, कामावर निघायची साडी नेसून. तिनं बघितलं आणि नजर काढून घेतली.

"हुंगून बघ," मालक म्हणाले.

"अहो, तुम्ही असताना मी काय हुंगणार?"

"माझा नाक गेला गो. माका आता कायच येना नाय."

मी दुपटं तोंडाशी धरलं. काही नाही. साबणाचा नाही, पेटीचा नाही, धुराचा नाही. नव्या कोऱ्या कापडालासुद्धा काहीतरी वास असतो, तेवढाही नाही.

"एकदम स्वच्छ आहे, मालक. काही वास नाही."

"नीट बघ." ते पुढे आले, दुपट्याचा एक कोपरा त्यांनी माझ्यापुढे धरला.  "हयसून बघ. ती हयसून शिवूक सुरवात करी. तिच्या हाताक खोबरेलाचो वास होतो. काय तरी येत आसतला."

मी पुन्हा हुंगलं. खूप वेळ हुंगलं. एवढ्या वर्षांत ह्या माणसानं त्या दुपट्यातून सगळं काढून टाकलं होतं, आणि आता माझ्या दारात उभं राहून काहीतरी उरलं असेल म्हणून माझ्या तोंडाकडे बघत होता. येतोय हो, थोडासा येतोय, असं अगदी ओठावर आलं. त्यांच्या खांद्यावरून ताई माझ्याकडे बघत होती. तिनं मान हलवली. नको.

"नाही, मालक," मी म्हटलं. "काहीच नाही येत."

"काय नाय?"

"नाही."

त्यांनी कोपरा सोडला, पण तिथून हलले नाहीत. ताईनं त्यांच्या दंडाला धरलं. "बाबा, चला," म्हणाली. "चहा निवतोय तुमचा."